रात्रीच्या प्रहरी उठणारी आई

आजचं वाचन : विलापगीत 2:11-19



काल रात्री साडेअकराला कॉल संपला. लॅपटॉप बंद केला, कूलरमध्ये पाणी टाकलं, झोपलेल्या लेकीच्या डोक्यावर हात ठेवला आणि नेहमीची प्रार्थना केली. "प्रभू, हिला सांभाळ, आमेन." चार सेकंद लागले असतील. ऑफिसच्या स्टँडअपमध्ये यापेक्षा जास्त वेळ मी बोलते. आणि आज सकाळी नेमका हा अध्याय वाचायला आला.

यरुशलेम पडलं आहे. 19व्या वचनात सांगितलं आहे की रात्री ऊठ, प्रहर सुरू होतानाच ऊठ, पाणी ओतावं तसं मन प्रभूपुढे ओत, आणि भुकेने गल्लीगल्लीच्या तोंडाशी मूर्च्छित पडलेल्या तुझ्या मुलांच्या जिवासाठी हात वर कर. हे कोणाला सांगितलंय? एक वचन मागे जा. तिथे सियोनकन्येच्या तटाला हाक मारली आहे. म्हणजे अख्खं शहरच इथे आई आहे. मग "तुझी मुलं" म्हणजे फक्त घरात गादीवर झोपलेली नाहीत, नाक्यावर पडलेलीही तिचीच.

इथे मी अडकले. आमच्या मंडळीतल्या आयांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे. तिथे प्रार्थनेच्या विनंत्या काय असतात? नीट, दहावी, व्हिसा, प्लेसमेंट. माझ्याही त्याच असतात, त्यामुळे हसत नाहीये. मागावं, बापाकडे नाही मागणार तर कोणाकडे? पण सगळं आपापल्या घरातलं, आणि त्यातही मार्कांचं.

पंडिता रमाबाई आठवल्या. दुष्काळात गल्लीत पडलेलं मूल म्हणजे काय हे त्यांना वाचून कळलेलं नव्हतं. 1874 च्या सुमारास त्यांचे आईवडील उपासमारीने काही महिन्यांच्या अंतरात गेले, तेव्हा त्या सोळा वर्षांच्या होत्या. पुढे 1896-97 मध्ये मध्य प्रांतात, म्हणजे नागपूर ज्याची राजधानी होती त्या प्रांतात, दुष्काळ पडला. तेव्हा रमाबाई स्वतः इकडे आल्या आणि अनाथ, विधवा मुलींना घेऊन गेल्या. केडगावचं मुक्ती मिशन त्यातूनच उभं राहिलं. स्वतःची लेक एकच, मनोरमा. आणि आई म्हणणाऱ्या शेकडो.

1905 च्या जानेवारीत त्यांनी मुलींना रोज प्रार्थनेला जमायला सांगितलं. सुरुवातीला सत्तरेक मुली आल्या. जूनपर्यंत आकडा साडेपाचशेच्या घरात गेला आणि महिन्याच्या अखेरीस तिथे मोठं संजीवन झालं. संजीवनाची गोष्ट आपण संडे स्कूलपासून ऐकतो. त्याआधीचे पाच-सहा महिने मात्र कोणी सांगत नाही! त्या महिन्यांत स्वयंपाक, दळण, शिवण, आजारपणं सगळं चालूच असणार. त्यातूनच वेळ काढलेला.

आता जे मला जड जातं ते लिहिते. मनोरमाबाई शिकून परत आल्या, आईचा उजवा हात झाल्या. रमाबाईंनंतर काम त्याच बघणार असंच सगळ्यांना वाटत होतं. 24 जुलै 1921 ला त्या गेल्या. वय अवघं चाळीस. रमाबाई त्यानंतर नऊ महिनेसुद्धा जगल्या नाहीत, 5 एप्रिल 1922 ला गेल्या. मधल्या काळात त्यांनी काय केलं? मराठी बायबलच्या भाषांतराचं काम पूर्ण करत आणलं. ज्या पिढीसाठी ते होतं, तिच्यात स्वतःची लेक उरलेली नव्हती. त्या आईने आपल्या लेकीसाठी किती रात्री प्रार्थना केली असेल! ती ऐकली गेली नाही का? माझ्याकडे उत्तर नाही, आणि कोणी फार पटकन उत्तर दिलं तर मला ते ऐकवतही नाही.

कारण आमच्या घरात एक डायरी आहे. आईची. पहाटे नळ यायच्या आधी उठून ती त्यातली नावं घेते. उत्तर मिळालं की पेनाने टिक आणि तारीख. इंजिनीअरिंगच्या वर्षांत मी मंडळीत जाणं पूर्ण सोडलं होतं. माझ्या नावापुढे टिक आहे, मी परत आले त्या रविवारची. धाकट्या भावाच्या नावापुढे नाही. नऊ वर्षं झाली. मागच्या पानावर शेजारच्या पोरांची नावं आहेत, धुणीभांडी करणाऱ्या मावशींच्या मुलीचं आहे, समोरच्या हॉस्टेलवर राहणाऱ्या एका मुलाचं आहे, ज्याचं आडनाव तिला माहीत नाही म्हणून "चष्मेवाला" लिहिलंय.

मी विचारलं, "आई, थकत नाहीस का गं?"

"थकते ना बेटा. मग झोपते. सकाळी परत घेते नाव."

हन्नाने शमुवेलाला मागून घेतलं आणि परत देऊनही टाकलं, ते आपल्याला पाठ आहे. पण 1 शमुवेल 2:19 काढून बघा (योगायोगाने तिथेही 2:19 च). दर वर्षी ती त्याच्यासाठी छोटा झगा शिवून नेत असे. मूल डोळ्यांसमोर नाही, अंदाजाने माप घ्यायचं. माझ्या आईचं भावाच्या बाबतीत तेच चाललंय.

तर मी एवढंच ठरवलंय. कॉल संपल्यावर पुढची दहा मिनिटं फोन चार्जिंगला, दुसऱ्या खोलीत. एक वही घेतली आहे, चाळीस रुपयांची. पहिल्या पानावर लेक आणि भाऊ. मागच्या पानावर आज संध्याकाळी सिग्नलवर गजरे विकणाऱ्या मुलीला नाव विचारून लिहिणार आहे. तुमच्या मागच्या पानावर कोण आहे?

प्रभू येशू, तू जाणतोस की मी दमून येते आणि शब्द संपलेले असतात. तरी आज रात्री मला उठव. माझ्या भावाला आठव. ज्या आयांच्या डायरीत अजून टिक लागलेली नाही, त्यांच्याजवळ पहाटे बस. आमेन.