प्रज्ञा, शील आणि उद्योगाशी करार

लोणेरे येथे १९८९ च्या कायद्याने उभे राहिलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ आपले वर्ष अध्यापन, संशोधन आणि उद्योगांशी सहकार्य या मापांनी मोजते. परंतु ज्यांचे नाव ते धारण करते त्यांनी मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या धम्मविषयक ग्रंथात (१९५७) प्रज्ञा, म्हणजे चिकित्सक समज, एकटी पुरेशी मानली नाही, तिला शीलाची, म्हणजे सदाचरणाची, जोड आवश्यक ठरवली. शीलाचे हे माप वार्षिक अहवालाच्या रकान्यात बसत नाही.

शीलाची उणीव काय करते हे जवळच्या महाडात दिसले: अस्पृश्य मानलेल्यांचा पाण्यावरील हक्क बजावण्यासाठी आंबेडकरांना २० मार्च १९२७ रोजी तेथील चवदार तळ्याचे पाणी ओंजळीने प्यावे लागले, जरी नगरपालिकेने ठराव करून ते तळे १९२४ मध्येच सर्वांना खुले केले होते. ठराव होता, आचरण नव्हते. आज त्याच महाडच्या औद्योगिक वसाहतीत रसायनांचे कारखाने आहेत, आणि सांडपाण्यातील द्रव्यांचे ऑक्सिडीकरण होण्यास किती प्राणवायू लागेल, ही 'रासायनिक प्राणवायू मागणी' रसायन अभियांत्रिकीचा विद्यार्थी प्रयोगशाळेत काढायला शिकतो. उद्योगाने शुल्क भरून विद्यापीठाकडून अशी चाचणी करवून घेतली, तर निघालेला आकडा करारानुसार गोपनीय राहू शकतो. मात्र सांडपाणी ज्या नदीत मिसळते तिच्या काठच्या गावाचा त्या आकड्यावर काही हक्क उरतो की नाही, हे करार ठरवू शकत नाही, कारण गाव त्यात पक्षकारच नसते. शीलाचा प्रश्न म्हणूनच सही करण्यापूर्वी, मसुद्यातील गोपनीयतेच्या कलमापाशी उभा राहतो.