सेची इगर्ज कोणाची?

जुन्या गोव्यातल्या सेच्या इगर्जीविषयी, म्हणजे से कॅथेड्रलविषयी, आपल्याकडे दोनच सुरांत बोलले जाते. एक सूर कौतुकाचा: केवढी भव्य इमारत, केवढी ती सोनेरी वेदी, 1986 पासून जागतिक वारसा. दुसरा सूर रागाचा: परक्यांनी देवळे पाडून आमच्या छातीवर उभारलेली वास्तू. पहिल्या सुरात इतिहास गाळला जातो. दुसऱ्यात तो असतो, पण अर्धाच. मला दोन्ही सुरांशी भांडायचे आहे, कारण ही इमारत पोर्तुगीजांची आहे असे दोघेही धरून चालतात.

राग निराधार नाही, हे आधी कबूल केले पाहिजे. पोर्तुगीज सेनानी अफोन्सो दे अल्बुकर्कने गोवा जिंकला तो दिवस 25 नोव्हेंबर 1510, संत कॅथरीनचा सण. म्हणून हे कॅथेड्रल तिच्या नावाचे. म्हणजे नावातच विजयाची नोंद आहे. 1540 मध्ये तिसवाडीतली देवळे पाडली गेली आणि पुढच्याच वर्षी त्यांच्या जमिनींचे उत्पन्न ख्रिस्ती संस्थांकडे वळवले गेले. 1560 मध्ये इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचे धर्मन्यायालय, आले आणि 1562 मध्ये राजा सेबास्तियांवच्या कारकिर्दीत या कॅथेड्रलचे काम हाती घेतले गेले. इन्क्विझिशनचा वाडा इथून हाकेच्या अंतरावर होता. मंगेश, शांतादुर्गा ही ज्यांची कुलदैवते आहेत, अशा महाराष्ट्रातल्या असंख्य घरांचा इतिहास या तारखांशी बांधलेला आहे. त्यांच्या देवांना कुशस्थळी आणि केळशी सोडून नदीपलीकडे फोंड्याच्या आश्रयाला जावे लागले, ते याच काळात.

पैसा कोणाचा होता, तेही पाहू. इमारतीचा खर्च राजाच्या तिजोरीतून झाला, असे मुख्य दरवाजावरचा लॅटिन लेख सांगतो. पण ही तिजोरी भरत होती कशाने? बंदरावरच्या जकातीने आणि गावकऱ्या, म्हणजे गावांच्या सामाईक संस्था, जो महसूल भरत होत्या त्याने. राजा लिस्बनमध्ये असेल, पण दर हंगामाला पैसा मोजत होता तो इथला शेतकरी आणि इथला व्यापारी. त्यामुळे खर्च राजाने केला, हे विधान मला अपुरे वाटते.

इमारत सुमारे 76 मीटर लांब, 55 मीटर रुंद आणि दर्शनी बाजूला 35 मीटर उंच. एवढा आकार प्रार्थनेच्या गरजेतून आला नाही. लिस्बनहून महिनोन्‌महिने जहाजावर काढून आलेल्या माणसाला आणि आजूबाजूच्या सुलतानांना काहीतरी दाखवायचे होते. बाहेरची मांडणी टस्कन धाटणीची, साधी, जवळजवळ कोरडी. आत मात्र कोरिंथियन खांब, वर अर्धगोल कमानीचे छत आणि समोर संत कॅथरीनच्या आयुष्यातले व हौतात्म्याचे प्रसंग कोरलेली सोनेरी वेदी. बांधकाम 1619 मध्ये पुरे झाले, अभिषेक 1640 मध्ये. बांधकाम सुरू असतानाच पोर्तुगालचे राज्यच स्पेनच्या राजाकडे गेले होते. मग साथींनी शहर ओस पडले, 1759 मध्ये व्हाइसरॉयने मुक्काम पणजीला हलवला, 1776 मध्ये दोन मनोऱ्यांपैकी एक कोसळला. तो पुन्हा कोणी बांधला नाही. सत्तेला ज्यासाठी ही इमारत हवी होती, ते काम तोवर संपले होते.

तरी ती टिकली. कशी, हे बघायचे तर भिंतीजवळ जावे लागते. आतला दगड जांभा. खाणीत असतो तेव्हा तो कुऱ्हाडीने तासता येईल इतका मऊ, आणि हवा लागली की कठीण. पण अंगभर छिद्रे असल्याने गोव्याच्या पावसात उघडा ठेवला तर पाणी पितो आणि झिजतो. म्हणून त्यावर चुन्याचा गिलावा हवाच आणि तो सतत राखायला हवा. रस्त्यापलीकडच्या बॉम जेझू बॅसिलिकेचा गिलावा विसाव्या शतकाच्या मध्याला, ती अधिक प्राचीन दिसावी म्हणून, पोर्तुगीज वास्तुतज्ज्ञाच्या सांगण्यावरून काढला गेला, आणि तिचा तांबडा जांभा आजही पाऊस झेलतो आहे. सेचा पांढरा गिलावा राहिला. इथला दगड आणि इथला चुना ज्यांना कळत होता, त्या गवंड्यांचे शहाणपण त्या पांढऱ्या रंगात आहे. आतल्या दोन कपेलांना लाकडी कोरीव जाळ्या आहेत, त्यांच्यापाशीही थांबावे. चर्चची कामे हिंदू कारागिरांकडून करून घेऊ नयेत, असे हुकूम सोळाव्या शतकात निघाले होते. असे हुकूम काढावे लागले, यावरूनच कामे कोण करत होते ते कळते.

आणि भाषा. बांधकाम पुरे झाले त्याच 1619 साली फादर थॉमस स्टीफन्स वारला. जन्माने इंग्रज असलेल्या या जेझुइटाने बायबलची कथा मराठीत, ओवीत लिहिली आणि 1616 मध्ये रायतूरला छापली. एकाच धर्माने एकाच काळात, एकाच मुलखात केलेली ही दोन कामे. एकात ऐकणाऱ्याने मान वर करून बघायचे होते. दुसऱ्यात सांगणाऱ्याने ऐकणाऱ्याच्या अंगणात बसायचे होते. गोव्यातला ख्रिस्ती धर्म रुजला तो दुसऱ्या वाटेने, असे माझे मत आहे. 1684 मध्ये व्हाइसरॉयने लोकांना स्वतःची भाषा तीन वर्षांत सोडून पोर्तुगीज बोलायचे फर्मान काढले. लोकांनी ती सोडली नाही. आज सेमध्ये मिस्सा होते ती कोंकणीत.

तेव्हा या इगर्जीवर हक्क कोणाचा, याचे माझे उत्तर असे: ज्यांनी तिच्यासाठी महसूल भरला, ज्यांनी जांभा तासला, जे आत गुडघे टेकतात, आणि ज्यांच्या देवांना त्याच काळात गाव सोडावे लागले, त्या सगळ्यांचा. यातल्या एकालाही वगळले की उरलेल्यांचा इतिहास खोटा पडतो. शाळांच्या सहली सकाळी जुन्या गोव्याला आणि दुपारी मंगेशीला जातात. मुलांना दोन्हीकडे दोन वेगळ्या, एकमेकींशी संबंध नसलेल्या गोष्टी ऐकायला मिळतात. सेच्या पायऱ्यांवरच शिक्षकांनी त्यांना सांगावे की मंगेश कुशस्थळीहून फोंड्यातल्या प्रियोळला गेला आणि या भिंतींचा पाया घातला गेला, ते एकाच दशकात.