भेट संशोधनाला

संक्रांत जवळ आली की भोपाळच्या मराठी घरांत वाणाची चर्चा सुरू होते. प्लास्टिकचे डबे नकोत, स्टीलच्या वाट्या प्रत्येकीकडे ढिगाने पडल्यात. मग कुणीतरी म्हणतंच, ‘त्यापेक्षा तेवढे पैसे संस्थेला देऊ, बायकांच्या हातात कार्ड ठेवू.’ पैसे कशाला द्यायचे, यावर अनाथाश्रम, गोशाळा, कुणाचं तरी ऑपरेशन अशी नावं निघतात. संशोधनाला देऊ म्हणणारी मला अजून भेटायची आहे.

खरं तर ते या गावाला सुचायला हवं. 1984 च्या 2 आणि 3 डिसेंबरच्या मधल्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून मिथाइल आयसोसायनेट हा विषारी वायू सुटला. वाचलेल्यांचं पुढे काय होणार, हे कुठल्याच डॉक्टरच्या पुस्तकात नव्हतं. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेचा गॅसपीडितांवरचा अभ्यास 1994 मध्ये थांबला. पुढे 2010 मध्ये सरकारने भोपाळात वेगळी संशोधनसंस्था काढली, पण मधल्या काळात मुलं वाढायची थोडीच थांबली होती!

त्याच 1994 मध्ये ब्रिटनच्या ‘गार्डियन’ या वृत्तपत्रात भोपाळच्या गॅसपीडितांसाठी मदतीची जाहिरात आली. मजकूर इंद्र सिन्हा यांचा, छायाचित्र रघु राय यांचं. वाचकांच्या पैशांतून 1996 मध्ये भोपाळात त्यांच्यासाठी संभावना क्लिनिक उघडलं. फ्रेंच लेखक डोमिनिक लापिएर यांनी आपल्या भोपाळवरच्या पुस्तकाच्या मानधनातून तिथल्या स्त्रीरोग विभागाला मदत केली. म्हणजे ते पुस्तक कुणाला वाढदिवसाला देणाऱ्याचाही नकळत हातभार लागला.

क्लिनिकमध्ये मोफत उपचार झाले, पंचकर्म झालं, औषधी झाडांची बाग फुलली. मला मात्र तिथल्या एका रुक्ष कामाचं अप्रूप आहे. मुलांची उंची मोजायची, वजन घ्यायचं, डोक्याभोवती टेप धरायची; गॅसपीडितांची मुलं एका रकान्यात, इतरांची दुसऱ्या. 2003 मध्ये ‘जामा’ या अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष छापून आले : गॅसपीडित आईबापांच्या मुलग्यांची वाढ खुंटली होती, मुलींमध्ये तसं दिसलं नव्हतं.

ऑपरेशनला पैसे दिले की बरं झालेलं पोर हसताना दिसतं. इथे हाती येतो आकड्यांचा तक्ता, तोही वाईट बातमी सांगणारा. असं वाण देणं अवघडच. पण तो तक्ता नसता तर ‘पुढच्या पिढीला काही झालेलं नाही’ म्हणून मोकळं होणं किती सोपं गेलं असतं!

भेटवस्तूंच्या दुकानात ‘विक्रीतला काही वाटा संशोधनाला’ अशी चिठ्ठी लावलेल्या मेणबत्त्या मिळतात. काही म्हणजे किती? मेण, खोका, रिबन, दुकानदाराचं कमिशन वजा जाता काय उरत असेल? न्यू मार्केटमध्ये वाटीमागे दोन रुपये सोडवून घेणाऱ्या आम्हाला हे विचारायला मात्र संकोच वाटतो. त्यापेक्षा मैत्रिणीच्या नावाने सरळ देणगी द्यावी आणि तिला पावतीच भेट द्यावी. पावतीला रिबन लागत नाही.