हद्द वाढली, गावकूस तिथंच

धुळ्याची हद्दवाढ चालली होती तेव्हाची गोष्ट. तिकडचा एक पोरगा पाचोऱ्याला नातेवाइकांकडे आला होता. स्टेशनाबाहेर चहा पिताना म्हणाला, "दादा, आमच्याकडं 'गाव वाचवा'ची सभा लावलीय. वस्तीतल्या पोरांनाही बोलावलंय. पहिल्यांदाच सतरंजीवर शेजारी बसवणार म्हणे. जावं का?"

मला उत्तर देता आलं नाही. चहा गार झाला. तो निघून गेला, प्रश्न राहिला.

2018 साली वलवाडी, महिंदळे, अवधान अशी आसपासची गावं धुळे महापालिकेत गेली. त्याच वर्षी डिसेंबरात तिथं निवडणूक झाली. आपल्या पी.जे.च्या वाटेवरचं शेंदुर्णी घ्या. ती गाडी 2020 साली बंद पडली, पण त्याआधीच शेंदुर्णीची ग्रामपंचायत जाऊन नगरपंचायत आली होती. खुद्द पाचोरा 2001 ते 2011 या दहा वर्षांत पंचेचाळीस हजारांवरून साठ हजारांच्या घरात गेलं. शेतं जातायत, प्लॉट पडतायत. म्हणजे आज ना उद्या हा प्रश्न आपल्या ओट्यावर येऊन बसणार आहे. तेव्हा आत्ताच विचार करू या.

पहिली गोष्ट. 'गाव वाचवा' म्हणतात, ते कुणाचं गाव? ज्या गावानं आपल्याला कुसाबाहेर ठेवलं, पाणवठा वेगळा ठेवला, मढं नेण्याची वाटसुद्धा वेगळी ठेवली, ते? बाबासाहेबांनी 1932 साली मुंबई कौन्सिलात ग्रामपंचायतीच्या बिलाला विरोध केला. राखीव जागांवाचून पंचायत म्हणजे बहुसंख्यांच्या हातात दिलेली काठी, हे त्यांनी ओळखलं होतं. 4 नोव्हेंबर 1948 ला घटना समितीत त्यांनी खेड्याचे गोडवे गाणाऱ्यांना चांगलं खडसावलं. त्यांच्या पोरांनी गाव वाचवायला धावायचं म्हणजे आपल्याच पायातली बेडी घासून चकचकीत करायची.

मग शहर बरं? बरंच. शहरात माणूस गर्दीत मिसळतो. हॉटेलात कप वेगळा नसतो. गिरणीनं, रेल्वेनं, कारखान्यानं आपल्या बापजाद्यांना येसकरकीतून सोडवलं, हे विसरून चालणार नाही.

पण मित्रांनो, इथं एक फरक आहे. आपला बाप शहरात गेला तो स्वतःच्या पायानं गेला. हद्दवाढीत शहर आपल्याकडं येतं, आणि येतं ते नकाशावरून. कायद्यानं आधी अधिसूचना निघते, हरकतींसाठी मुदत मिळते. पण ती नोटीस वस्तीतल्या कोणत्या भिंतीवर लागते? मजुरीला गेलेली बाई हरकत कधी लिहिणार? तिकडची एक म्हातारी म्हणाली होती, "आमले कोनी इचारं?" या एका वाक्यात सगळं तत्त्वज्ञान आलं. आत घेतानाही न विचारता घ्यायचं आणि बाहेर ठेवतानाही न विचारता ठेवायचं. दोन्हीकडं हुकूम त्यांचाच.

आता हिशेब मांडा. गाव शहरात गेलं की रोजगार हमीचं काम जातं, कारण ती हमी खेड्यासाठी. ग्रामपंचायतीनं उत्पन्नातले 15 टक्के मागासवर्गीयांवर खर्चायचा दंडक होता. पाळला किती, ते आपण जाणतो. पण भांडायला कागद होता, तोही जातो. 1993 पासून घटनेनं दिलेली पंचायतीतली राखीव जागा जाते. वस्तीतली एखादी बाई सरपंचाच्या खुर्चीवर बसली होती, ती खुर्चीच उचलून नेली. त्या बदल्यात प्रभाग मिळतो. चार वस्त्या आणि दहा कॉलन्या मिळून एक प्रभाग. तोही मिळाला तर. राज्यातल्या बहुतेक नगरपालिका 2022 पासून 2025 च्या डिसेंबरपर्यंत प्रशासकाच्या हातात होत्या. नगरसेवकच नाही, तर नळाचं रडगाणं कुणाच्या दारात गायचं?

आणि जमीन? 1958 च्या कायद्यानं महारवतन गेलं, जमिनी परत मिळाल्या त्या शर्तीवर. कलेक्टरच्या परवानगीशिवाय विकायच्या नाहीत, बिनशेती करायची तर बाजारभावाच्या निम्मा नजराणा भरायचा, असा नियम वर्षानुवर्षं होता. शेजारच्या बागायतदाराच्या वावराचं एका रात्रीत सोनं होतं. आपल्या वावराला सोन्याचा भाव येतो, पण विकायची सोय नाही, पिकवायला पाणी नाही. मग दलाल येतो, कोऱ्या कागदावर अंगठा घेतो. हद्द एकच, पण ती एकाला वाढवते आणि दुसऱ्याला उठवते.

म्हणजे हद्दवाढीला विरोध करायचा? तेही उत्तर नव्हे. इथं महाड आठवा. चवदार तळं नगरपालिकेच्या हद्दीतच होतं. 1924 साली नगरपालिकेनं ते सर्वांना खुलं केल्याचा ठरावही केला होता. हद्दीत होतो, ठरावात होतो, पण पाण्यात नव्हतो. 20 मार्च 1927 ला माणसं चालत गेली आणि ओंजळीनं प्याली, तेव्हा ठरावाला जीव आला. लगेच ऑगस्टमध्ये त्याच नगरपालिकेनं तो ठराव रद्द केला! हायकोर्टाचा निकाल यायला 1937 उजाडलं. म्हणजे नकाशावरची रेघ हलल्यानं माणूस आत येत नाही. माणूस स्वतः चालत आत येतो, तेव्हा रेघ हलते.

म्हणून त्या पोराला आज माझं उत्तर असं आहे. जा बाबा, सभेला जा. सतरंजीवर बस. पण त्यांचा नारा देऊ नको, आपले प्रश्न मांड. गाव वाचलं तर वस्तीला पाणी त्याच विहिरीचं मिळेल का? स्मशान एक होईल का? मग तिथून ऊठ आणि नगरपालिकेत जा. तिथंही विचार. पहिली गटार कॉलनीत की वस्तीत? कचरा डेपो कुणाच्या उशाला? आमचा उतारा कुणाच्या नावावर? घरपट्टी उद्यापासून घेणार, मग नळ कधीपासून देणार? दोघांनाही लेखी माग. जो लेखी देणार नाही तो आपला नव्हे, मग तो पाटील असो की मुख्याधिकारी.

गावाची बाजू की शहराची, हा प्रश्न आपला नाहीच. तो जमीनवाल्यांचा आणि प्लॉटवाल्यांचा आपसातला वाटा-घाटा आहे. आपला प्रश्न जुनाच आहे. कूस कोण पाडणार? गावाची हद्द वाढून शहराची झाली आणि कूस मात्र आत तसंच उभं राहिलं, तर आपण फक्त शहराच्या कुसाबाहेर आलो.

तेव्हा वस्तीवर बैठक लावा. उतारे काढा. नोटीस कुठं लागली ते बघा. हरकत लिहा, आणि ज्याला लिहिता येत नाही त्याची तुम्ही लिहा.

जयभीम.