आमिष ठेवून शिकार करणे योग्य आहे काय?

आमच्या वाचकांपैकी पुष्कळ जण शेतकरी आहेत. घाम गाळून उभे केलेले पीक रानडुकरे एका रात्रीत उकरून टाकतात, हे दुःख आम्हांस ठाऊक आहे. म्हणून एखादा बंधू जेव्हा विचारतो की, "कणकेच्या गोळ्यात विष किंवा दारू भरून तो बांधावर ठेवला, तर त्यात पाप ते काय?" तेव्हा त्याच्यावर रागावणे उचित नव्हे. त्याच्या प्रश्नाचा नीट विचार केला पाहिजे.

प्रथम कायदा पाहू. सन १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकार म्हणजे केवळ गोळी घालणे नव्हे. विष घालणे, फास लावणे, सापळा रचणे, आमिष ठेवणे आणि तसा प्रयत्न करणे, ही सर्व शिकारच होय. म्हणजे जनावर आमिषाला शिवले नाही, तरी ठेवणारा दोषी ठरू शकतो. मात्र रानडुकरासारख्या जनावरापासून उभ्या पिकास धोका असेल, तर अधिकारी लेखी परवानगी देऊ शकतो. मार्ग आहे, पण तो उजेडातला आहे.

यावर कोणी म्हणेल, "प्रभूने स्वतः पेत्राला गळ टाकावयास सांगितले, मग आमिष वाईट कसे?" हा आक्षेप विचार करण्याजोगा आहे. आमिष लावणे हेच मुळी पाप, असे आम्ही म्हणत नाही. परंतु गळ टाकणारा गळापाशी बसून राहतो. काय लागले ते पाहतो. बांधावर गोळा ठेवणारा मात्र घरी जाऊन निजतो. तो गोळा डुकराने खाल्ला, शेजाऱ्याच्या बैलाने खाल्ला, की गुरे राखणाऱ्या पोराने उचलला, हे त्याला ठाऊक नसते. केरळात मे २०२० मध्ये स्फोटक भरलेले फळ चावल्याने एका गाभण हत्तिणीचा जबडा फाटला. तिला काही खाता येईना. शेवटी नदीच्या पाण्यात उभी असतानाच ती मेली.

मोशेच्या नियमशास्त्रात खड्डा खणून तो उघडा ठेवणाऱ्याविषयी नियम आहे. त्यात दुसऱ्याचा बैल पडून मेला, तर भरपाई खड्ड्याच्या धन्याने करावयाची. बैल मारण्याचा त्याचा हेतू नव्हता, तरी देवाने त्याला मोकळे सोडले नाही. बांधावरचे आमिष हा असाच उघडा खड्डा होय.

तेव्हा बंधूंनो, पिकाची नासाडी झाली तर वेळ न दवडता वनखात्यास कळवा, पंचनामा करवून नुकसानभरपाई मागा. उपदेशकांनी अर्ज लिहिण्यास साहाय्य करावे, आणि मंडळीतील तरुणांनी पाळीपाळीने विधवांच्या व वृद्धांच्या शेतांची राखण करावी. शेजाऱ्याला "विष ठेवू नकोस" असे सांगणे सोपे आहे. त्याच्या माळ्यावर त्याच्याबरोबर रात्र जागणाऱ्यालाच ते सांगणे शोभते.