दुःखाचे प्रयोजन आणि क्षमा

दुःख कोणाला चुकले आहे? घराघरांत त्याची रूपे निराळी असतात; प्रश्न मात्र एकच असतो : हे माझ्याच वाट्याला का? अंत्यविधीच्या वेळी, इस्पितळातील खाटेशेजारी, किंवा २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा-वारणेच्या महापुराने धुऊन नेलेल्या संसारांपुढे हाच प्रश्न उभा राहिला. अशा वेळी 'देवाची इच्छा' एवढे म्हणून मोकळे होणे सोपे असते. परंतु त्याने दुःखिताचे सांत्वन होत नाही. उलट, ज्या पित्याच्या कुशीत त्याने शिरावे, त्याच पित्याविषयी त्याच्या मनात अढी बसते.

पवित्र शास्त्र असे सोपे उत्तर देत नाही. ईयोबाच्या मित्रांनी त्याच्या यातनांचा हिशेब त्याच्या पापांशी जुळवून पाहिला; शेवटी परमेश्वराने रागे भरले ते ईयोबाला नव्हे, तर त्या मित्रांना. जन्मांध मनुष्याविषयी शिष्यांनी विचारले, पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे? प्रभू येशूने दोघांनाही दोषमुक्त केले. दुःख ही पापाची पावती नव्हे, हे ख्रिस्ती श्रद्धेचे पहिले सांगणे आहे.

मग दुःखाला प्रयोजन आहे की नाही? मला वाटते, प्रयोजन दुःखाच्या पोटात दडलेले नसते. प्रीती ते दुःखाला देते.

शिराळा हे गाव नागपंचमीमुळे महाराष्ट्रभर ओळखले जाते. सर्पदंशाचे भय शेतात राबणाऱ्या माणसाला वेगळे सांगावे लागत नाही. त्या दंशावर जे प्रतिविष टोचतात, ते कसे तयार होते? घोड्याच्या शरीरात सापाचे विष अल्प अल्प मात्रेने सोडतात. घोडा ते सोसतो, त्याच्या रक्तात विषाला मारक असे द्रव्य तयार होते आणि त्या रक्तातून माणसाला वाचवणारे औषध काढतात. मुंबईच्या हाफकिन संस्थेचे नाव या कामात जुने आहे. येथे विष चांगले झाले काय? मुळीच नाही. विष हे विषच राहिले. परंतु ते सोसणाऱ्या देहातून दुसऱ्याचे जीवन निर्माण झाले.

मोशेने रानात उंच केलेल्या सर्पाची आठवण देऊन प्रभूने निकदेमाला आपल्या क्रूसाविषयी सांगितले होते, हे येथे ध्यानात यावे. घोड्याला कोणी विचारत नाही. ख्रिस्ताने मात्र स्वेच्छेने जगाचे विष आपल्या अंगावर घेतले. त्याने द्वेषाची परतफेड द्वेषाने केली नाही. खिळे ठोकणाऱ्यांसाठी पित्याजवळ क्षमा मागितली. इ. स. १५९७ मध्ये नागासाकी येथे क्रूसावर प्राण देणाऱ्या सव्वीस हुतात्म्यांनी हीच वाट धरली. आपल्या वसईचे संत गोन्सालो गार्सिया त्यांच्यात होते आणि त्यांचे सोबती संत पॉल मिकी यांनी क्रूसावरूनच मारेकऱ्यांना क्षमा केली.

हे संतांना जमले, आम्हां संसारी माणसांना कसे जमावे, असे कोणी म्हणेल. त्यांच्यासाठी एका कुटुंबाची हकिकत सांगतो. मध्य प्रदेशात उदयनगर परिसरातील गोरगरिबांना त्यांचे हक्क समजावून देणाऱ्या सिस्टर राणी मारिया यांची २५ फेब्रुवारी १९९५ रोजी इंदूरकडे जाणाऱ्या बसमधून प्रवास करताना सुऱ्याने भोसकून हत्या झाली. मारेकरी समंदर सिंग याला जन्मठेप झाली. २००२ मध्ये सिस्टरांच्या धाकट्या भगिनी सिस्टर सेल्मी पॉल तुरुंगात गेल्या आणि त्यांनी त्याच्या हाताला राखी बांधली. पुढे त्यांच्या वृद्ध मातेनेही त्याला क्षमा केली. २००६ मध्ये तो सुटला आणि केरळमधील त्या घरी जाऊन आला. ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदूर येथे राणी मारिया यांना धन्यवादित घोषित करण्यात आले, तेव्हा तोही तेथे उपस्थित होता. मेलेली बहीण परत आली नाही. पण जो हात सुरा धरीत होता, त्यावर राखी आली. त्या घरच्या दुःखाला हे प्रयोजन क्षमेने दिले.

पोप जॉन पॉल दुसरे यांनी मानवी दुःखावरील आपले प्रेषितीय पत्र ११ फेब्रुवारी १९८४ रोजी प्रसिद्ध केले. त्याआधी अवघे दीड महिना, २७ डिसेंबर १९८३ रोजी, ते रोमच्या तुरुंगात आपल्यावर गोळ्या झाडणाऱ्या अली अगाला भेटले होते. दयाळू शोमरोनीचा दाखला देऊन ते त्या पत्रात सांगतात की, दुःख मानवी अंतःकरणातील प्रीतीला वाट मोकळी करून देते.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. क्षमा म्हणजे अन्यायाला संमती नव्हे. समंदर सिंगने तुरुंगवास भोगला. क्षमेने न्यायाचे दार बंद केले नाही. दारुड्या नवऱ्याचा मार खाणाऱ्या बहिणीला 'तुझा क्रूस वाहा' असे सांगणे ही क्रूसाची विटंबना आहे. प्रमुख याजकापुढे गालावर चपराक बसली, तेव्हा प्रभूनेही शिपायाला 'का मारतोस?' असा जाब विचारला. तिला आधी सुरक्षित आसरा हवा, कायद्याचे साहाय्य हवे. तसेच, कोणाच्याही जखमेकडे पाहून 'आता क्षमा कर' अशी आज्ञा करण्याचा अधिकार आपल्याला नाही. क्षमा मागून मिळते, कृपेने पिकते. ती जबरदस्तीने तोडता येत नाही.

तथापि आपल्यातील पुष्कळांची भांडणे एवढी मोठी नसतात. बांधावरून भाऊ भावाशी बोलत नाही, लग्नातल्या मानपानावरून दोन घरांचा उंबरठा तुटलेला असतो. आणि दर रविवारी आपण एकाच मंदिरात प्रभूची प्रार्थना म्हणतो, शांतिचिन्हाच्या वेळी मात्र नजर दुसरीकडे वळवतो. त्या प्रार्थनेत आपण स्वतःलाच एक माप घालून घेतलेले आहे : आम्ही जशी क्षमा करू, तशी आम्हांला लाभो. ते शब्द येत्या रविवारी सावकाश म्हणावेत आणि ज्याचे नाव ओठांवर येत नाही, त्याचे नाव निदान देवाजवळ घ्यावे. क्षमा करण्याची शक्ती नसेल, तर ती इच्छा तरी मागावी. एवढ्या मागण्याला देवपिता कधी नाही म्हणत नाही.