गिलाव्याआड

मंडईत भाजी घेताना आम्ही भेंडीचे टोक मोडून पाहतो. भाजीवाली त्याचा राग मानीत नाही. पण याच मंडईशेजारी, पाडलेल्या वाड्याच्या जागी बांधलेले नवे घर घेतले, तेव्हा भिंत मोडून पाहण्याची सोय नव्हती. दुसऱ्याच पावसाळ्यात ओल आली, पोपडे सुटले. बांधणाराने दोनदा गिलावा केला. गळती तशीच राहिली. समोरच्या, १८८६ साली पुऱ्या झालेल्या दगडी मंडईचा आम्हांस हेवा वाटे.

ताब्यानंतर पाच वर्षांत दाखविलेला दोष बांधणाराने तीस दिवसांत विनामूल्य दूर करावा, असे २०१६ चा कायदा सांगतो. व्यवहाराला मुदत हवीच. परंतु जाणून झाकलेल्या दोषाची जबाबदारी मुदतीबरोबर सरते काय? सरत नाही, असे आम्ही आवेशाने म्हणत असू.

सहाव्या वर्षी घर विकण्याची वेळ आली. मध्यस्थ म्हणाला, "रंगाचा एक हात द्या, गिऱ्हाईक उन्हाळ्यात आणतो." सहज न दिसणारा, पण स्वतःस ठाऊक असलेला दोष विकणाऱ्याने सांगावा, हे १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यातच आहे, मंडईहूनही जुने. तथापि आम्हांस कायदा आठवला नाही. आठवला तो बांधणाराचा निर्विकार चेहरा. दोन रात्री आम्ही त्याच्याच जागी उभे होतो.

अखेर गिऱ्हाइकास ओल दाखविली. किंमत उतरली, किती, ते घरात अजून कोणी विसरलेले नाही.